मुदत भरलेल्या सैनिकाचा नकार

अमेरिकी लष्करात एक साधा छापील कागद आहे. नोकरीची मुदत संपत आलेल्या सैनिकाला तैनातीचा किंवा बदलीचा हुकूम येतो, आणि तो हुकूम पुरा करायला लागतील तेवढे महिने त्याच्या करारात उरलेले नसतात. अशा वेळी हा कागद त्याच्यापुढे ठेवतात. मग वाटा दोनच. करार वाढवायचा, किंवा नव्याने भरती व्हायचं, आणि जायचं. नाहीतर ‘मला पुढे सेवा करायची नाही’ अशा मजकुराखाली सही करायची. ‘डेक्लिनेशन ऑफ कंटिन्यूड सर्व्हिस स्टेटमेंट’ असं त्याचं लांबलचक नाव आहे. आपण त्याला नकारपत्र म्हणू. सही झाली की त्या माणसाची बढती थांबते, करार वाढवायची दारं बंद होतात, आणि ठरलेल्या तारखेला तो घरी जातो. मधल्या काळात मन बदललं तर कागद मागे घेण्यासाठी वरपर्यंत अर्ज करावा लागतो.

या कागदात एक गोष्ट फार बरोबर आहे. सैनिकाला ‘नाही’ म्हणायला जागा आहे, हे तो मान्य करतो. आणि एक गोष्ट फार चुकीची आहे. मुदत संपल्यावर घरी जाणं हा ज्याचा हक्क आहे, त्याला तो हक्क वापरताना काहीतरी वाईट केल्यासारखी सही करायला लावतात. ज्यानं कबूल केलेली वर्षं पुरी केली त्यानं पुढच्या मोहिमेला नकार दिला, तर तो नकार डागाविना स्वीकारला पाहिजे, आणि सरकारला तो माणूस हवाच असेल तर त्याला वेळेवर विचारून, मोबदला देऊन, त्याच्या होकारानंच थांबवून घेतलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. माझं गाव सातारा जिल्ह्यातलं. दर तिसऱ्या घरातून कुणी ना कुणी पलटणीत गेलेला. तिथे हे मत बोलून दाखवलं की माणसं गप्प होतात, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

माझे चुलते १९९९ च्या मार्चमध्ये पेन्शनीत आले. मे महिन्यात कारगिल पेटलं. त्या उन्हाळ्यात पारावर बसलं की कुणीतरी हटकून म्हणायचं, “बरा सुटलास की रे, लढाईच्या तोंडावर.” म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसायचंही. चुलते तंबाखू मळत एवढंच म्हणायचे, “माझी तारीख मार्चची होती.” सतरा वर्षं सियाचीनच्या पायथ्यापासून नागालँडपर्यंत काढलेल्या माणसाला स्वतःची तारीख सांगून खुलासा करावा लागत होता. ते वाक्य मी त्या दोन महिन्यांत कितीदा ऐकलं असेन! बातम्या लागल्या की ते टीव्हीजवळ सरकून बसायचे आणि आपल्या युनिटचं नाव येतंय का ते बघायचे. मुदत संपलेला माणूस मनानं पलटणीतून सुटतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी असा एखादा उन्हाळा बघितलेला नसतो.

आता अमेरिकेकडे वळू, कारण हा प्रश्न तिथे उघड्यावर आला, कोर्टात गेला आणि निवडणुकीतही गाजला.

अमेरिकेनं १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद केली. तेव्हापासून तिथलं सैन्य आपखुशीनं आलेल्यांचं आहे. अठरा वर्षांचा मुलगा भरती कार्यालयात जातो आणि सही करतो ती बहुधा तीन-चार वर्षांच्या प्रत्यक्ष नोकरीसाठी. पण कायद्यानं पहिल्या भरतीची एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते. प्रत्यक्ष नोकरी संपली की उरलेली वर्षं तो राखीव यादीत असतो: घरी राहतो, कामधंदा करतो, फक्त नाव यादीवर. बहुतेकांना ही उरलेली वर्षं म्हणजे कागदावरची नोंद वाटत होती. जून २००४ मध्ये लष्करानं त्या यादीतल्या सुमारे ५,६०० जणांना पुन्हा बोलवायचं ठरवलं, तेव्हा त्या नोंदीला धार असल्याचं घराघरांत कळलं.

याहून मोठी धार होती ‘स्टॉप-लॉस’ला. नुकसान थांबवणं हा शब्दाचा सरळ अर्थ. नुकसान कशाचं, तर माणसं घरी जाण्याचं. व्हिएतनामनंतर अमेरिकी संसदेनं केलेल्या कायद्यानुसार, राखीव सैन्य बोलावलेलं असेल तेव्हा राष्ट्राध्यक्षांना बढती, निवृत्ती आणि सेवामुक्तीचे नियम तात्पुरते थांबवता येतात. १९९० च्या आखाती युद्धात हा अधिकार वापरला गेला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी तो संरक्षण खात्याकडे सोपवला, आणि इराक युद्धात तो रोजच्या वापरातला झाला. ज्या युनिटला तैनातीचा हुकूम आहे, त्यातल्या कुणाचीही मुदत संपत असली तरी युनिट निघण्याच्या ९० दिवस आधीपासून ते परत आल्यावर ९० दिवसांपर्यंत त्याला सोडायचं नाही, असा लष्कराचा नियम होता. तैनाती वर्षभराची. एप्रिल २००७ मध्ये ती १५ महिन्यांची झाली. म्हणजे ज्याची मुदत निघण्याच्या आदल्या आठवड्यात संपत होती, त्याला दीड वर्ष जास्त काढावं लागलं. या काळात एक लाखाहून अधिक माणसं अशी तारखेपलीकडे ठेवली गेली.

डिसेंबर २००४ मध्ये संरक्षण मंत्री डोनल्ड रम्सफेल्ड कुवेतच्या छावणीत इराकला निघालेल्या सैनिकांना भेटायला गेले. त्या सभेतला एक प्रश्न जगभर गाजला: आमच्या गाड्यांना चिलखत नाही, आम्ही उकिरड्यातून भंगार लोखंड उकरून गाड्यांना लावतो आहोत. त्याच सभेत एका स्त्री सैनिकानं दुसरा प्रश्न विचारला होता, तो मागे पडला. मी आणि माझा नवरा, आम्ही दोघंही आपखुशीच्या सैन्यात आलो. आता मी स्टॉप-लॉसखाली आहे. हे तुम्ही आणखी किती दिवस चालवणार? उत्तराचा मथितार्थ असा होता की ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली आहे आणि भरती होणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते.

ठाऊक असते का? करारपत्रात ते असतं हे खरं. बारीक छपाईत लिहिलेलं असतं की कायदे आणि नियम पूर्वसूचना न देता बदलू शकतात आणि या कागदात काहीही म्हटलं असलं तरी ते बदल तुम्हाला लागू होतील. युद्ध झालं तर युद्ध संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत भरती चालू राहील, असंही कलम असतं. आता तो कागद एका बाजूला ठेवा आणि कॅलिफोर्नियातल्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव दलाच्या, एका सैनिकाची गोष्ट बघा. नऊ वर्षं लष्करात काढलेला, युद्ध बघितलेला माणूस. गार्डची एक योजना होती, तिचं नावच ‘ट्राय वन’, म्हणजे एक वर्ष करून बघा. त्यानं एका वर्षासाठी सही केली. वर्ष संपायच्या आधीच त्याला तारखेपलीकडे ठेवायचा हुकूम निघाला. ज्या योजनेच्या जाहिरातीचा सगळा भर ‘एक वर्ष’ या शब्दांवर, तिच्या करारात ते एक वर्ष कधीही दोन होऊ शकत होतं. तो कोर्टात गेला आणि २००६ मध्ये अपील कोर्टात हरला.

ओरेगनच्या नॅशनल गार्डमधल्या एका सार्जंटचं प्रकरण तर त्याहून बोलकं. अठराव्या वर्षी भरती झाला, आठ वर्षं पुरी केली. मुदत २००४ च्या जूनमध्ये संपत होती आणि युनिटला अफगाणिस्तानाला जायचं होतं. त्याची मुदत वाढवली गेली, आणि कागदोपत्री त्याची सुटण्याची नवी तारीख पडली २४ डिसेंबर २०३१. सरकार म्हणालं, ही केवळ कारकुनी सोयीसाठी टाकलेली तारीख आहे, प्रत्यक्षात इतकं ठेवणार नाही. ते खरंही असेल. पण सत्तावीस वर्षांनंतरची तारीख सोय म्हणून टाकता येते, यातच सगळं आलं. २००५ मध्ये तोही हरला. कोर्टाचं म्हणणं साधं होतं: संसदेनं अधिकार दिलेला आहे, करारात कायद्यांचा उल्लेख आहे, सही आहे.

कायद्याच्या नजरेनं निकाल बरोबर असतील. मी कोर्टाला दोष देत नाही. पण कायद्यात बसतं आणि न्यायाला धरून आहे, या दोन गोष्टी आपल्याकडे शेतमजूरसुद्धा वेगळ्या ओळखतो. आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. पाडव्याला शेतात ऊस उभा असो की कांदा काढणीला आलेला असो, सालगडी “मालक, साल भरलं” म्हणाला की मालकाला बोलणी करावी लागतात. तो राहतो तर नव्या बोलीवर राहतो. मालक चिडतो, चार शब्द बोलतो, पण ‘पीक घरात येईपर्यंत तुझं साल संपलेलंच नाही’ असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. सैनिक सालगडी नाही, हे मान्य. त्यानं शपथ घेतलेली असते आणि त्याच्या कामात जीव जातो. पण ज्या कामात जीव जातो, त्या कामाची बोली सालगड्याच्या बोलीपेक्षा कच्ची असावी, हे मला पटत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही.

लष्कराचा सगळ्यात भक्कम मुद्दा युनिटच्या एकजुटीचा आहे. दहा-बारा माणसांची एक तुकडी वर्षभर एकत्र सराव करते. कोण डावीकडे बघतो, कोण कधी गोंधळतो, रेडिओवर कुणाचा आवाज कसा येतो, हे त्यांना एकमेकांचं पाठ असतं. निघायच्या महिनाभर आधी त्यातले दोघं मुदत संपली म्हणून गेले आणि जागेवर दोन अनोळखी आले, तर पहिल्या चकमकीत त्याची किंमत उरलेल्यांना मोजावी लागते. हा पुस्तकी मुद्दा नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकेनं माणसं एकेक करून पाठवली आणि एकेक करून परत आणली. प्रत्येकाचं आपापलं बारा महिन्यांचं घड्याळ. शेवटचे आठवडे उरलेला माणूस ‘शॉर्ट टायमर’ म्हणून ओळखला जायचा, कॅलेंडरवर दिवस खोडायचा, आणि नव्यानं आलेल्याला कुणी नावानंही ओळखत नसायचं. त्या पद्धतीनं पलटणी आतून पोखरल्या, हे लष्करानं स्वतः कबूल केलं आणि पुढच्या युद्धात युनिट एकत्र नेण्यावर भर दिला. स्टॉप-लॉस या शहाणपणातूनही आलेला आहे. ज्या आईचा मुलगा त्या तुकडीत उरला आहे, तिला विचाराल तर ती म्हणेल, अनुभवी सार्जंटला सोडू नका. तिला मी चूक म्हणू शकत नाही.

पण ही अडचण कुणाची? कोणाची मुदत कधी संपते हे लष्कराला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तारीख त्यांच्याच दप्तरात असते. युनिट कधी निघणार हेही महिनोन्महिने आधी ठरतं. ज्यांच्या तारखा मधे येतात त्यांना सराव सुरू व्हायच्या आत वेगळं काढणं, विचारणं, बदली माणूस आणणं, ही नियोजनाची कामं आहेत. ती न करता शेवटच्या क्षणी ‘तू गेलास तर तुझे मित्र मरतील’ असं सांगणं म्हणजे आपल्या ढिलाईचं ओझं त्या माणसाच्या मैत्रीवर टाकणं आहे.

याहून खोल एक गोष्ट आहे. इराक युद्धाच्या काळात अमेरिकेच्या शंभर माणसांमागे एकही माणूस गणवेशात नव्हता. सक्तीची भरती परत आणायची कुठल्याही पुढाऱ्याची तयारी नव्हती. लष्कर लढाईच्या मानानं लहान होतं. ते ६५,००० नं वाढवायची घोषणा झाली ती २००७ च्या जानेवारीत, युद्धाला चार वर्षं होत आल्यावर. मधली खिंड कुणी लढवली? ज्यांनी आधीच आपला वाटा दिला होता त्यांनी. २००४ च्या निवडणुकीत बुश यांचे प्रतिस्पर्धी जॉन केरी यांनी स्टॉप-लॉसला मागच्या दारानं आणलेली सक्तीची भरती म्हटलं होतं. मला तर ती सक्तीच्या भरतीपेक्षाही अन्यायाची वाटते. सक्तीची भरती निदान सगळ्यांच्या घरावर चिठ्ठी टाकते. इथे ज्या बैलानं नांगर ओढला, त्यालाच पुन्हा पराणी, आणि बाकीचे गोठ्यात.

मुदत आणि लढाई यांचा पेच अमेरिकेला नवा नाही. त्यांच्या इतिहासातला एक प्रसंग मला सारखा आठवतो. एप्रिल १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं तेव्हा उत्तरेच्या बाजूनं राष्ट्राध्यक्ष लिंकननं ७५,००० माणसं मागितली, तीन महिन्यांसाठी. तीन महिन्यांत आटोपेल असा सगळ्यांचा समज. जुलैत मुदती संपत आल्या आणि नेमकी २१ जुलैला बुल रनची पहिली मोठी लढाई उभी राहिली. चौथी पेनसिल्व्हेनिया पलटण आणि न्यूयॉर्कचा एक तोफखाना यांची मुदत आदल्या दिवशी भरली होती. सेनापती मॅकडॉवेलनं थांबायची विनंती केली. ते थांबले नाहीत. शत्रूच्या तोफा ऐकू येत असताना त्या तुकड्या मागे निघाल्या, अशी कडू नोंद मॅकडॉवेलनं आपल्या अहवालात केली. लढाई हरली, वर्तमानपत्रांनी त्यांना धू धू धुतलं.

पण पुढे काय झालं ते बघा. कुणावर खटला झाला नाही. मुदत भरली होती, त्यांना रीतसर सेवामुक्त केलं. त्या पलटणीचा कर्नल जॉन हार्ट्रान्फ्ट स्वतः मागे थांबला, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली बिनपलटणीचा म्हणून लढला, आणि पुढे पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर झाला. १८८६ मध्ये, पंचवीस वर्षांनी, त्या दिवसासाठी त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. घरी गेल्यावर त्यानं नवी ५१ वी पेनसिल्व्हेनिया पलटण उभी केली आणि घरी गेलेल्यांपैकी कितीतरी जण तीत परत आले, या वेळी तीन वर्षांच्या बोलीवर. ज्यांना जाऊ दिलं तेच परतले. हार्ट्रान्फ्टच्या पदकाला मोल आहे ते याचसाठी, की त्या दिवशी घरी जायची मुभा त्यालाही होती.

१८६४ मध्ये हाच पेच शंभरपट मोठा होऊन आला. १८६१ मध्ये तीन वर्षांसाठी भरती झालेल्या पलटणींच्या मुदती युद्धाच्या ऐन निकराच्या वर्षात संपत होत्या. उत्तरेनं तोवर सक्तीची भरती आणली होती, तरी मुदत भरलेल्या जुन्या सैनिकाला कायद्यानं अडवलं नाही. त्याला ४०० डॉलर देऊ केले, महिनाभराची घरची रजा, बाहीवर लावायला खास पट्टी, आणि पलटणीतले तीन चतुर्थांश लोक थांबले तर पलटणीचं नाव आणि निशाण कायम. सुमारे १,३६,००० जणांनी होकार दिला. ज्यांनी दिला नाही ते तारखेला घरी गेले. पेनसिल्व्हेनिया रिझर्व्ह या नावाजलेल्या तुकड्या ३० मे १८६४ ला बेथेस्डा चर्चपाशी लढल्या, आणि लगेच त्यांच्यातले मुदत भरलेले लोक घराकडे निघाले. नोकरीच्या शेवटच्या दिवसांत शेजारी माणसं मरत असताना ते लढले, कारण तारीख अजून आलेली नव्हती. तारीख आली तेव्हा त्यांना कुणी पळपुटं म्हटलं नाही.

दक्षिणेनं उलटा मार्ग धरला. १६ एप्रिल १८६२ च्या भरती कायद्यानं त्यांनी वर्षाच्या बोलीवर आलेल्या आपल्या सैनिकांची मुदत एका फटक्यात तीन वर्षांची केली. माणसं कमी होती, शत्रू दारात होता, हे खरंच. तरीही वर्षभरासाठी घर सोडून आलेल्या शेतकऱ्याला पेरणीच्या तोंडावर ‘तुझं वर्ष आता तीन वर्षांचं झालं’ असं सांगणं काय असतं, ते शेती करणाऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको. विचारायची रीत मात्र यादवीहून जुनी. स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ च्या डिसेंबरअखेरीस जॉर्ज वॉशिंग्टनचं सैन्य ट्रेंटनला असताना वर्षअखेरीला मुदत संपणाऱ्या माणसांपुढे तो स्वतः घोड्यावरून गेला, सहा आठवडे थांबा म्हणून विनवलं, दहा डॉलर जादा देऊ केले. पहिल्या हाकेला कुणी पुढे आलं नाही. त्यानं घोडा वळवला, परत आला, परत बोलला. मग एकेक जण पुढे सरकला. देशाच्या सरसेनापतीला विचारावं लागलं आणि त्यानं विचारलं.

एकविसाव्या शतकात त्याच देशाला हे विचारणं जमलं नाही असं नाही, फक्त उशिरा जमलं. मार्च २००९ मध्ये संरक्षण मंत्री रॉबर्ट गेट्स यांनी स्टॉप-लॉस टप्प्याटप्प्यानं बंद करण्याची घोषणा केली. मुदत संपलेल्याला त्याच्या मनाविरुद्ध धरून ठेवणं योग्य नाही, असं ते स्पष्ट बोलले. तेव्हा सुमारे १३,००० सैनिक त्या नियमाखाली होते. जबरदस्तीनं काढलेल्या प्रत्येक जादा महिन्याला ५०० डॉलर मिळू लागले, आणि २००१ पासूनच्या जुन्या महिन्यांचेही मागाहून दिले गेले. माझ्या दृष्टीनं सगळ्यात शहाणी गोष्ट मात्र वेगळी होती. लष्करानं तैनातीपुरता करार आपखुशीनं वाढवणाऱ्याला जादा पैसे द्यायला सुरुवात केली: नऊ महिने आधी तयारी दाखवली तर महिन्याला ५००, त्यानंतर दाखवली तर ३५०. आधी सांगणाऱ्याला जास्त, कारण आधी कळलं तर युनिटला आखणी करता येते. स्टॉप-लॉसविना युनिटं जाऊ लागली. एकजूट कोसळली नाही.

पैसे देऊन विचारणं हीसुद्धा स्वच्छ गोष्ट आहे असं समजू नका. अर्कान्सासमधल्या एका गार्ड सैनिकानं ‘ट्राय वन’खालीच भरती होऊन स्टॉप-लॉसविरुद्ध खटला भरला होता, तो पुढे स्वतःच सहा वर्षांसाठी पुन्हा भरती झाला, १५,००० डॉलरच्या बोनसवर. घरची पैशाची ओढाताण होती. ऊसतोडीला निघणाऱ्या कोयत्याला मुकादमाची उचल जशी नाकारता येत नाही, तसं हे. आणि उचलीची गंमत अशी की ती फेडेपर्यंत आपली नसते. २०१६ मध्ये बाहेर आलं की कॅलिफोर्नियाच्या नॅशनल गार्डमधल्या जवळपास १०,००० जणांकडून, इराक-अफगाणिस्तानच्या दिवसांत पुन्हा भरती होण्यासाठी दिलेले बोनस परत मागितले जात होते. भरतीचे आकडे गाठायच्या घाईत अधिकाऱ्यांनी ते नियमात न बसता वाटले होते. माणसं दोन-दोन तैनात्या करून आली होती, घरं घेतली होती, आणि दहा वर्षांनी पत्र: पैसे व्याजासकट भरा. ओरडा झाला, संरक्षण मंत्री ॲश कार्टर यांनी वसुली थांबवली. सैनिकाला त्याची सही लोखंडासारखी बांधते. सरकारची सही मात्र वाकवता येते, हे या प्रकरणातही दिसलं.

इथे एक फरक स्पष्ट करतो, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. मुदत चालू असताना हुकूम नाकारणाऱ्याची मी बाजू घेत नाही. करारात दोन वर्षं शिल्लक असताना ‘मला तिकडे जायचं नाही’ म्हणणारा सैनिक आपल्या जागी दुसऱ्याला ढकलतो. शपथ त्याच्यासाठीच असते. देशाच्या अस्तित्वावर आलेलं आणि संसदेनं उघडपणे जाहीर केलेलं युद्ध असेल, तर सगळ्यांच्याच तारखा थांबू शकतात, पण मग सगळ्यांच्याच, नागरिकांच्याही. माझं म्हणणं मधल्या जागेपुरतं आहे: तैनाती मुदतीच्या आत सुरू होते आणि मुदतीच्या बाहेर संपते. त्या माणसानं तारखेपर्यंत काम करावं, तिथे किंवा इथे, आणि तारखेला त्याला सोडावं.

हे आपल्याला का सांगायचं? आपल्याकडे १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या मुलांना चार वर्षांसाठी घ्यायचं, प्रशिक्षण धरून. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००, त्यातला तीस टक्के भाग सेवानिधीत, आणि बाहेर पडताना सुमारे ११.७१ लाख. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम ठेवायचं, बाकीच्यांनी घरी यायचं. निवडीचा हक्क मुलांचा नाही, तो सैन्याचा. आणि चार वर्षांच्या आत स्वतःहून सुटायला, अगदी अपवाद सोडले तर, परवानगी नाही.

माझा पुतण्या त्या पहिल्या तुकडीतला आहे. १ जानेवारी २०२३ ला त्याचं प्रशिक्षण सुरू झालं, २०२६ च्या अखेरीला त्याची चार वर्षं भरतात. मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याच्या काळ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं कॅलेंडर मी बघितलं. प्रत्येक महिना पेनानं खोडलेला. मला वाटलं, हा दिवस मोजतोय सुटायला. तो म्हणाला, “नाही काका, मी मोजतोय किती उरलेत. ठेवतील का नाही, कुणाला ठाऊक.” त्याच्या बॅरकीतल्या एकालाही सुटायचं नाहीये, असं तो म्हणाला. अमेरिकेतला प्रश्न इथे उलटा उभा आहे. तिथे तारीख झाली तरी सोडत नव्हते, इथे तारीख झाली की ठेवणार नाहीत.

उलटा असला तरी प्रश्न तोच आहे, कारण दोन्हीकडे तारीख एकाच्याच हातात आहे. आज ठेवायचं की नाही हे सैन्य ठरवतं. उद्या सीमेवर तणाव वाढला, हजारो अग्निवीरांच्या तारखा त्याच महिन्यांत येत असल्या, तर कुणालातरी सुचेल की यांना सहा महिने थांबवा. ते योग्यही असेल, आणि विचारलं तर ही मुलं हसत थांबतील, माझा पुतण्या पहिला. पण विचारणं, जादा महिन्यांचा वेगळा मोबदला, त्या महिन्यांत जखमी झालेल्याला किंवा मेलेल्याच्या घराला कायम सैनिकाइतकंच सगळं, आणि जो ‘नाही’ म्हणेल त्याच्या दाखल्यावर एकही वाकडा शब्द नाही, हे नियमांत आत्ताच लिहून ठेवायला हवं. लढाई लागल्यावर हे लिहायला कुणाला सवड नसते आणि लिहिणाऱ्याचं मनही ताळ्यावर नसतं.

आणि ते लिहिलेलं भरतीच्या मैदानावर मुलाच्या भाषेत वाचून दाखवायला हवं. सोळाशे मीटर धावून आलेला, छाती मोजून झालेला, घामानं बनियन चिकटलेला मुलगा कागद वाचत नाही. तो सहीची जागा शोधतो. माझ्या पुतण्यानंही तशीच सही केली. कागदावर काय होतं असं विचारल्यावर त्यानं चार वर्षं, पगार आणि सेवानिधी, एवढं सांगितलं. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, “बाकीचं इंग्रजीत होतं.”